पराभवाची पुण्यतिथी

जय मिरवावा आणि पराजय विसरावा, हा जगाचा सर्वसाधारण रिवाज होय. ऑस्ट्रेलियन लोकांनी तो उलटा केला आहे. २५ एप्रिल १९१५ रोजी त्यांची व न्यूझीलंडची फौज तुर्कस्थानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली, आठ महिने कड्याकपाऱ्यांना चिकटून राहिली, आणि आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन तेथे कायमचे ठेवून माघारी फिरली. पदरात काही पडले नाही. तरी आपल्या राष्ट्राचा खरा जन्म त्या दिवशी झाला, अशी त्या लोकांची भावना आहे. वस्तुतः ते राष्ट्र १ जानेवारी १९०१ रोजीच कायद्याने अस्तित्वात आले होते. पण कायद्याच्या तारखेने कोणाचे डोळे पाणावत नाहीत. १९१८ साली फ्रान्समध्ये सेनापती मोनॅश याच्या हाताखाली याच लोकांनी मोठे जय मिळविले. तेही गॅलिपोलीइतके लोकांच्या ओठी नाहीत.

माझा एक पुतण्या मेलबर्नला असतो. त्याने मला एके वर्षी त्या दिवशी भर काळोखात उठवून तेथील स्मारकापाशी नेले. थंडीत हजारो माणसे, कडेवरच्या पोरांसह, मुकाट्याने उभी होती. बिगूल वाजला आणि थांबला. त्या निःशब्द गर्दीत मला पानिपत आठवले, आणि पानिपताबरोबर परतूर.

परतूरचे नाव येथे ऐकून वाचकांस नवल वाटेल. आम्ही वालूरकर सेलूस जाऊन आगगाडीत बसलो म्हणजे अर्ध्यापाऊण तासात परतूर येते. १९८१ पर्यंत तो तालुका आमच्याच परभणी जिल्ह्यात होता. जुन्या कागदांत त्यास पटदूर म्हटले आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगिरीस निजामाची खोड मोडून सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या भेटीस आले ते येथे; उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्यावर पुढे काय करावयाचे याचा खल झाला तो येथे; आणि मार्चच्या मध्यास फौजेने दिल्लीची वाट धरली तीही येथूनच. उदगीरच्या जयाने साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर ही ठाणी हाती आली. पण मराठी भाषेने त्या जयाचा एक वाक्प्रचार केला नाही. पानिपताचे मात्र किती! सर्वनाश झाला की पानिपत, गोंधळ उडाला की भाऊगर्दी, भरवसा उरला नाही की विश्वास पानिपतात गेला. माझी आजी निरक्षर होती, तरी दूध नासले म्हणजे तीही ‘पानपत झाले’ असेच म्हणे.

आम्ही पराभव जपला तो असा, जिभेवर. त्यांनी तो दगडावर जपला. त्यांच्या लहानसहान खेड्यांतूनही एखादा स्तंभ असतो आणि त्यावर गावातून गेलेल्यांची नावे असतात. पुष्कळ ठिकाणी मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही, कारण ते सारेच स्वेच्छेने गेले होते. सक्तीच्या भरतीचा प्रश्न तेथे १९१६ आणि १९१७ असा दोनदा लोकांपुढे मांडला गेला व दोन्ही वेळा लोकांनी ती नाकारली. गॅलिपोलीत स्वतः वावरलेला इतिहासकार चार्ल्स बीन याच्या ध्यासातून कॅनबेराचे युद्धस्मारक १९४१ साली उघडले. त्याच्या भिंतींवर एक लाखाहून अधिक नावे आहेत, आणि ती हुद्द्यावाचून आहेत.

आमच्याकडे १४ जानेवारी १७६१ ची बातमी दक्षिणेत पोहोचली ती सावकारी भाषेत: मोत्ये, मोहरा आणि खुर्दा. मोत्ये कोण ते सर्वांस ठाऊक आहे. खुर्दा गणला गेला नाही. त्या फौजेत लढवय्यांमागे बुणगे होते, यात्रेकरू होते, बाया होत्या. खुद्द भाऊंच्याच पत्नीने, पार्वतीबाईंनी, पतीचे मरण अखेरपर्यंत मानले नाही. त्या १७८३ साली वारल्या. मध्यंतरी भाऊंचा तोतया निघाला आणि पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला. मेलेल्यांची यादी नसली म्हणजे तोतयांचे फावते.

ऑस्ट्रेलियनांची आठवणही निर्दोष नाही. गॅलिपोलीस सुमारे सोळा हजार हिंदी लोक होते, हे तेथील किती मुलांस ठाऊक असेल? आणि गोऱ्यांनी वसाहती करताना मूळ रहिवाशांशी ज्या चकमकी व कत्तली केल्या, त्यांना कॅनबेराच्या भिंतींवर जागा नाही. त्याविषयी तेथे आता कडाक्याचा वाद चालतो. तो वाद मला त्या पहाटेच्या बिगुलाइतकाच आदरणीय वाटतो.

आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उदगिरीस इकडची सारी घराणी एकाच झेंड्याखाली होती असे समजण्याचे कारण नाही. सिंदखेडचे जाधव, निंबाळकर ही निजामाच्या चाकरीतील नावे आहेत. उलट निजामाकडून आलेला इब्राहिमखान गारदी पानिपतावर मराठ्यांसाठी झुंजला आणि त्याच पायी मारला गेला. त्याचे नाव गाळून पानिपत सांगणारे व्याख्याते हल्ली वाढले आहेत. त्यांच्या सभेत मी फार वेळ बसू शकत नाही.

वालूरच्या लोकांनी अलीकडे आपल्या जुन्या बारवांतील गाळ उपसून काढला. त्या कामात असलेल्या एका तरुणाने मला विचारले, “काका, परतूरहून फौज गेली तीत आपल्या गावचं कोणी असेल का?” मी त्यास पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमालांविषयी सांगितले. तो सध्या मोडी शिकतो आहे.