नाशिकच्या दोन टेकड्या

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मासाची सांगता झाली, की घराघरांत यात्रेचे बेत सुरू होतात. शिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ ही नावे मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवली जातात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मात्र जवळची एखादी बाग, वाटेतले एखादे मंदिर आणि संध्याकाळी परत घर, एवढ्यावरच समाधान मानले जाते. या दोन दिवसांत बाग, दोन हजार वर्षांचा इतिहास आणि एका सिद्धक्षेत्राची वंदना असे सारे साधायचे असेल, तर मुंबईहून सुमारे १७० आणि पुण्याहून सुमारे २१० किलोमीटरवरचे नाशिक त्यासाठी फार सोयीचे आहे. अट एकच: बेत नीट आखला पाहिजे.

अडचण तिथेच असते. घरातला बेत बहुधा तरुण पायांच्या हिशेबाने ठरतो. एका दिवसात पांडवलेणी, पंचवटी, गजपंथ, जमल्यास मांगीतुंगीही, अशी यादी तयार होते. मांगीतुंगी नाशिकहून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे, हे गाडीत बसल्यावर ध्यानात येते. मग धावपळ होते आणि पायऱ्या समोर आल्या की आजीला सांगितले जाते, ‘तुम्ही खाली गाडीत बसा, आम्ही पटकन जाऊन येतो.’ ज्या वंदनेसाठी आजीने वर्षभर वाट पाहिली, ती इतरांच्या वाट्याला येते. म्हणून नाशिकचा बेत सर्वांत सावकाश चालणाऱ्या पायांपासून आखायला घ्यावा आणि सूर्यास्तापासून मागे मोजत न्यावा. मांगीतुंगीला वेगळी सुट्टी द्यावी.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळणाऱ्यांचा दिवस अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा उघडतो, चौविहार पाळणाऱ्यांचा सूर्यास्ताला मिटतो. हातात उरतात जेमतेम दहा तास. त्यांत एका दिवशी एकच टेकडी हा नियम ठेवला, तर कोणाचीच ओढाताण होत नाही. पावसाळ्यात या टेकड्या हिरव्यागार दिसतात, त्याचा मोह पडतो. पण ओल्या पायऱ्यांवर आणि गवतात त्या दिवसांत जीवजंतूंची एवढी दाटी असते की पाऊल कुठे टाकावे हा प्रश्न पडावा. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी थंडीच बरी.

शनिवार पांडवलेण्यांसाठी ठेवावा. मुंबईकडून येणाऱ्यांना महामार्गावर आधी विल्होळी लागते. तेथील धर्मचक्र प्रभाव तीर्थात दर्शन घ्यावे. भोजनशाळेत आधी दूरध्वनी करून ठेवल्यास दुपारच्या जेवणाची चिंता मिटते. नाशिकच्या प्रसिद्ध मिसळीत कांदा-लसूण असतो, त्यामुळे ऐन वेळी हॉटेल शोधत फिरण्यात अर्थ नसतो. दशम्या, खाकरे, मेतकूट आणि उकळून गार केलेले पाणी सोबत असले, की निम्मी यात्रा सुखाची होते.

विल्होळीहून नाशिककडे थोडे पुढे गेले, की त्रिरश्मी डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे. आता ते वनस्पती उद्यान म्हणून विकसित झाले आहे. ज्यांना चढण नको त्यांनी इथे थांबावे, आणि आजीसोबत एखादे नातवंडही मागे राहिले तर उत्तम. ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले, हे पुस्तकात वाचलेले मूल प्रत्यक्ष झाडांच्या सावलीत बसून ऐकते, तेव्हा ते त्याच्या लक्षात राहते. शेजारीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळक्यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला, १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले आणि मधल्या काळात, १९१३ साली, त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने भारतीय चित्रपटाचा पाया घातला. वेळ उरला तरच तिकडे जावे. लहान मुलांना तिथली मोकळी जागा अधिक आवडते.

पांडवलेण्यांची चढण वीस-पंचवीस मिनिटांची आहे. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली असल्याने हिवाळ्यात दुपारचे ऊन फारसे जाणवत नाही. संख्या चोवीस, पण चोवीस हा आकडा पाहून कोणी तीर्थंकरांशी संबंध जोडू नये, आणि नावावरून पांडवांशीही नाही. ही लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते, त्याचेच त्रिरश्मी झाले. आजही अनेक बौद्ध कुटुंबे इथे वंदनेला येतात आणि पायथ्याशी त्यांचा विहार आहे. तेव्हा वर जाताना ही कोणाची तरी पूज्य जागा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन पाहावीत, पण सावकाश.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमी बलश्री या राजमातेने दिलेले. पुलुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेल्या लेखात तिने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गायले आहेत. त्यांत एक विशेषण असे, की अपराधी शत्रूच्याही प्राणांची हिंसा त्याला रुचत नसे. आणि त्याच लेखात, त्याने क्षहरात वंश निःशेष केला, असेही अभिमानाने लिहिले आहे. दोन्ही वाक्ये एकाच भिंतीवर कशी, हे एखादे चौकस मूल विचारल्याशिवाय राहणार नाही. उत्तर देण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. गाडीत परतताना बोलायला विषय होतो.

दहाव्या लेण्याचे दान त्या क्षहरात नहपानाच्या जावयाचे. लेखातले त्याचे नाव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. नाव ऐकून जैन कान टवकारतात. पण त्याची दाने ब्राह्मणांना आणि बौद्ध संघाला दिलेली आहेत. व्यापारी घरातल्या माणसाने खरे थांबावे ते इथल्या हिशेबापाशी. ऋषभदत्ताने तीन हजार कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते: वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस. हे सारे निगमसभेत जाहीर केले गेले आणि फलकावर नोंदवले गेले. पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या साधूंची सोय आणि त्यासाठी न मोडण्याचा निधी ही कल्पना चातुर्मासाची व्यवस्था पाहणाऱ्या कोणत्याही विश्वस्ताला परकी वाटणार नाही. आकडेमोड मुलांकडून करून घ्यावी. पैचाही फरक येत नाही.

त्याच्या शेजारी, किंचित वरच्या पातळीवर, अकरावे लेणे आहे. दहाव्याचे देखणे खांब पाहून आलेले प्रवासी या लहानशा लेण्याकडे फारसे वळत नाहीत. शिवमित्र नावाच्या लेखकाचा पुत्र रामणक याने ते दिले, असे लेख सांगतो. पुढे कित्येक शतकांनी, अकराव्या शतकाच्या सुमारास, इथे जैन मूर्ती आल्या: पद्मासनातले ऋषभदेव आणि अंबिका. कोणी कोरविल्या, हे तिथे कुठे लिहिलेले नाही. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त नाशिकचा समावेश केला आणि तेथील चंद्रप्रभांच्या कुंतीविहाराचे वर्णन केले. तेव्हा या परिसरात जैन वस्ती आणि श्रद्धा जुनी आहे, यात शंका नाही. मात्र त्यामुळे ही लेणी ‘आपली’ ठरत नाहीत. दुसऱ्याने कोरलेल्या घरात आपल्या देवाला मिळालेली ही एक खोली. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून अक्षता, केशर, फळे वर नेऊ नयेत. हात जोडावेत, णमोकार मनात म्हणावा आणि मूर्तीला स्पर्श न करता उतरावे.

साडेतीनला खाली आले पाहिजे. कारण मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हसरूळला करायचा आहे आणि मध्ये नाशिकची रहदारी आहे. वाट पंचवटीच्या बाजूने जाते. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, एवढे तरी मुलांना गाडीतून सांगता येते. म्हसरूळच्या धर्मशाळेत खोली आधीच सांगून ठेवलेली असावी, म्हणजे सूर्य असतानाच जेवण उरकते.

रविवार सर्वस्वी आजीचा. गजपंथ हे सिद्धक्षेत्र. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. गावकरी या डोंगराला चामरलेणी म्हणतात. विस्मृतीत गेलेल्या या क्षेत्राचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भट्टारक क्षेमेंद्रकीर्तींनी उद्धार केला. वर गुंफांमध्ये जिनमूर्ती आहेत, त्यांत पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. पायऱ्या चारशेहून अधिक. तरुणांना पंधरा मिनिटे पुरतील. आजीला दीड तास लागेल, आणि तो दीड तास बेतात लिहिलेला असला पाहिजे. उजाडल्यावर, पाऊल दिसेल एवढा प्रकाश झाला की निघावे. दर पन्नास पायऱ्यांनी बसावे. सोबत एकाने राहावे, पण ‘अजून किती’ हे तिला मोजून सांगू नये. ती स्वतःच माळेवर मोजत असते. पुढे गेलेल्यांनी वर पोहोचून लगेच अभिषेकाची घाई करू नये, तिची वाट पाहावी. ज्यांचे गुडघे अगदीच साथ देत नाहीत त्यांच्यासाठी पायथ्याच्या मंदिरात दर्शन आहे. मात्र ‘जमणार नाही’ हे त्यांनी स्वतः म्हणावे, इतरांनी त्यांच्या वतीने ठरवू नये.

उतरताना गुडघ्यांना चढण्याहून अधिक त्रास होतो, म्हणून काठी उतरणीसाठी राखावी. दुपारचे जेवण आणि थोडी विश्रांती झाली, की तीनपर्यंत निघावे. मुंबईकडे जाणाऱ्यांनी संध्याकाळचा डबा कसारा घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीच्या आसपास उघडावा, पुण्याकडे जाणाऱ्यांनी संगमनेरच्या आसपास. त्यानंतर सूर्य फार वेळ थांबत नाही.