तयार रॉकेट घ्यावे का?

तयार मसाला, तयार पराठे, तयार शिवलेले कपडे यांची आपल्याला सवय झाली आहे. आता मुलांचे छंदही तयार मिळू लागले आहेत. माझा धाकटा भाऊ परदेशात नोकरी करतो. या ईदला तो भोरला आला, तेव्हा माझ्या मुलासाठी उडणारे मॉडेल रॉकेट घेऊन आला. त्याला गोंद लावायचा नव्हता की रंग द्यायचा नव्हता. माणसाला चंद्रापर्यंत नेणाऱ्या 'सॅटर्न पाच' रॉकेटची ती 1:200 प्रमाणातली प्रतिकृती. मूळ रॉकेट सुमारे 110 मीटर उंच, हे 55 सेंटिमीटर.

घरात लगेच मते सुरू झाली. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एवढ्या पैशांत पोराची वर्षभराची पुस्तके आली असती. हा इसराफ नाही तर काय?" भावाला स्वतःला हा छंद आहे. तो म्हणाला, "आपा, नळ्या चिकटवण्यातच महिना गेला की मुले कंटाळतात. एकदा उडताना पाहिले की बनवायची हौस आपोआप येते." पण त्याच्याच छंदी मित्रांचे मत उलटे होते. तयार रॉकेट उडवणे म्हणजे हॉटेलची बिर्याणी आणायची आणि मी रांधली म्हणून वाढायची!

मुलाने मात्र मुद्द्याचे विचारले, "मामू, यात इंजिन कुठे आहे?"

इंजिन नव्हतेच. त्याची मोटर म्हणजे दारू ठासलेली छोटी नळी. ती विमानाच्या सामानात नेता येत नाही आणि आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही. गल्लीतल्या पोरांनी सुचवले, फटाक्यांची दारू काढून भरू. भावाने साफ मनाई केली. अमेरिकेतही एके काळी मुले धातूच्या नळ्यांत स्फोटक भरत आणि जखमी होत. 1954 मध्ये ऑर्व्हिल कार्लाईल या बुटांच्या दुकानदाराने हलके रॉकेट आणि बदलता येणारी मोटर तयार केली. त्यातूनच हा छंद सुरक्षित वाटेने वाढला. म्हणून मोटर घरी भरायची नाही, हा या छंदातला पहिला नियम.

उडवता येत नाही म्हटल्यावर मुलगा ते निरखू लागला. चित्रातल्या रॉकेटचे पंख एवढेसे आणि याला मोठे, पारदर्शक प्लास्टिकचे पंख का? भावाने समजावले. खरे सॅटर्न आपली इंजिने किंचित वळवून तोल सांभाळत असे. खेळण्यातल्या मोटरला ते जमत नाही, म्हणून मोठे पंख हवेत. म्हणजे अगदी हुबेहूब केले असते, तर ते सरळ उडालेच नसते!

मग त्याने मोटरच्या वजनाइतकी माती आत भरली, रॉकेट जिथे समतोल राहते तिथे दोरा बांधला आणि ते डोक्याभोवती गोल फिरवले. टोक पुढे राहिले. तसे राहिले तर रॉकेट सरळ जाईल, उलटसुलट फिरले तर पंख अपुरे.

ही युक्ती मुलाने लगेच वापरली. आम्ही माझ्या माहेरी वेल्ह्याला गेलो होतो. भात निघाल्यावर मोकळी पडलेली खाचरे आणि समोर तोरणा. थंड पेयाची रिकामी बाटली, तीत एक तृतीयांश पाणी, तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेले बूच आणि सायकलचा पंप. मामूने सगळ्यांना दूर उभे केले आणि हवा भरली. पहिली बाटली कोलांट्या खात बांधावर पडली. मुलाने पुठ्ठ्याचे पंख लावले, टोकाला मातीचा गोळा बसवला, दोरा बांधून फिरवून पाहिले. दुसरी बाटली सरळ आंब्याच्या वर गेली. अम्मीच सर्वांत मोठ्याने "माशाअल्लाह" म्हणाल्या.

परत आल्यावर त्याने कागदाचे आणखी एक रॉकेट केले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ज्याचे प्रकल्प संचालक होते, ते एसएलव्ही-3. मूळ उंची 22 मीटर. त्याच प्रमाणात ते भरले फक्त 11 सेंटिमीटर! सॅटर्नशेजारी ते बोटाएवढे दिसते. पण 10 ऑगस्ट 1979 रोजी ते अपयशी ठरले आणि 18 जुलै 1980 रोजी त्याच एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, हे मुलगा आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

माझे मत विचाराल, तर तयार रॉकेट जरूर घ्या, पण ऐपत असेल तरच, आणि मोटर कायदेशीरपणे मिळते का हे आधी पाहून. ऐपत नसेल तर खंत नको. बाटली, पंप आणि मोकळे खाचर यांतून तेच विज्ञान शिकता येते. आणि तयार वस्तू घरात आलीच, तर "हात लावू नको, मोडेल" असे मुलांना म्हणू नका. आमच्याकडे त्या रॉकेटचे पैसे वसूल झाले, ते पंखांबद्दलच्या त्या एका प्रश्नामुळे.