पाट, ताट आणि कॉम्प्युटरचा पंखा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधले दिवस हातात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर होता! हसू नका. सारी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून. 'मदरबोर्ड' म्हटलं की मला अजून आधी आईच आठवते. पण यंदा तो मी स्वतः निवडला, आणि त्यामागे एक गोष्ट आहे.

आमच्या टीव्हीला एक कॉम्प्युटर जोडलेला असतो. भाच्याने त्याचा जुना दिलेला. त्यात मी घरातलं सगळं भरून ठेवलंय. नाटकांच्या व्हीसीडी (एकेका नाटकाच्या दोन-दोन, तीन-तीन तबकड्या असायच्या, आठवतंय ना?), पु.लं.चे एकपात्री प्रयोग, मुलीच्या लग्नाची कॅसेट. रात्रीची जेवणं झाली, झाकपाक झाली, की नऊ वाजता आम्ही दोघं काहीतरी लावून बसतो. वर्षानुवर्षांचा नेम.

एका रात्री लक्षात आलं, हे पडद्याकडे बघतच नाहीयेत. माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी हसले की मग हसताहेत. मी मास्तरीण, परीक्षा घेण्याची खोड जात नाही. पुढच्या एका प्रसंगात मी मुद्दाम नको तिथे हसले. हेही हसले.

शाळेत कॉपी पकडली की कसं एक समाधान वाटायचं. त्या रात्री नुसतं पोटात कालवलं.

ह्यांची सारी नोकरी इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात, दिवाणजी म्हणून. टेबल हिशेबाचं, पण पलीकडच्या शेडमध्ये दिवसभर मागांचा खडखडाट. त्यात आता वय. कानाच्या तपासणीत त्या ताईंनी आलेख काढून दाखवला. जाड आवाज ठीक ऐकू येत होते, बारीक आणि तीव्र आवाज गेले होते. म्हणजे स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजनं. त्यांच्यात जोर कमी, म्हणून ती आधी गळतात. स्वर मात्र खणखणीत पोचतात. 'पाट' म्हटलं काय, 'ताट' म्हटलं काय, 'शाल' काय नि 'साल' काय, ह्यांना मधला 'आ' तेवढा ऐकू यायचा. स्वराच्या आधाराशिवाय व्यंजनाचा उच्चार होत नाही, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल! पण व्यंजनं गळाली की नुसत्या स्वरांचं काय होतं, ते माझ्या घरातच बसलेलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

कानाचं मशीन आणलं. बोलणं सुधारलं. पण रात्री कॉम्प्युटर लावला की हे वैतागायचे. "अगं, तो बंद कर. माग चालू असल्यासारखं वाटतंय." मशीन आवाज मोठा करतं, त्यात पंख्याची सळसळही मोठी होते. आणि ही सळसळ नेमकी त्या अशक्त व्यंजनांवरच येऊन बसते. टीव्हीचा आवाज वाढवावा, तर शेजारच्यांना त्रास. हळूहळू हे नऊ वाजताच अंथरुणावर जायला लागले. मी एकटीच पडद्यासमोर. मग माझ्याही हसण्यात काही राम राहिला नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, चांगला महागाचा पंखा बसवून देतो, अगदी कमी आवाजाचा." मी म्हटलं, "पंखा मुळात लागतो कशाला, ते सांग." मग त्याने समजावलं. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तिची शेवटी सगळी उष्णताच होते. आमच्या जुन्या आय५-४५७० ची मर्यादा ८४ वॅट. म्हणजे पूर्वीच्या ६० च्या दिव्यापेक्षा जास्त ऊब एवढ्याशा चिपमधून! ती बाहेर काढायला पंखा. शिवाय वीजपुरवठ्याच्या डब्यात एक, कॅबिनेटला मागे एक, आणि हार्ड डिस्कची गरगर वेगळीच. म्हणजे शांतता हवी असेल, तर सुरुवात पंख्यापासून नाही, विजेपासून करायला हवी.

म्हणून इंटेलचा एन१०० निवडला. २०२३ च्या जानेवारीत आलेला, मर्यादा फक्त ६ वॅट. (कामाच्या भरात थोडा वेळ जास्तही घेतो म्हणे, पण तेवढं चालायचंच.) ६ वॅटमध्ये चित्रपट कसा चालेल ही माझी शंका. उत्तर असं, की हल्लीचे व्हिडिओ एचईव्हीसी, एव्ही१ अशा पद्धतींनी दाबून साठवतात. ते उलगडायला एन१०० मध्ये वेगळी सोय केलेली आहे. आमच्या जुन्यात तशी नाही. त्यामुळे तो सगळी ताकद लावायचा, तापायचा, आणि पंखा ओरडायचा. अंगात बळ कमी, पण नेमकं काम येणारा माणूस बरा, हे आपल्याला स्वयंपाकघरात ठाऊक असतंच.

आता बोर्ड. १७ बाय १७ सेंटिमीटरचा, मिनी-आयटीएक्स म्हणतात तो. त्यावर प्रोसेसर आधीच जोडलेला येतो, वर नुसता धातूचा ठोकळा, पंखा नाही. दोन बोर्डांवर मी अडले. असुसच्या प्राइम एन१००आय-डी डी४ ला नेहमीचा वीजपुरवठ्याचा डबा लागतो, म्हणजे बहुधा पुन्हा पंखा आला. एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्सला १९ व्होल्टचा लॅपटॉपसारखा ॲडॅप्टर चालतो. तोच घेतला. रॅमची जागा एकच, पण नाटक बघायला किती लागते? हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, तिच्यात फिरणारं काहीच नाही.

जोडणी भाच्याने फोनवरून सांगितली, हात माझे. सगळं झाल्यावर मी कौतुकाने वर क्रोशाचा रुमाल घातला आणि ते टीव्हीखालच्या कपाटात ठेवून दार लावलं. तासाभरात चित्र अडखळायला लागलं. डबा हाताला चटका देत होता! पंखा नको म्हणजे हवा नको असं नव्हे. आता दार उघडं असतं आणि रुमाल परत फुलदाणीखाली गेलाय.

वॅटमीटरवर जुना ६८ वॅट दाखवायचा, नवा १३. रोज चार तास धरले तर महिन्याला साधारण साडेसहा युनिटं वाचतात. त्यात बोर्डाची किंमत लवकर भरून यायची नाही. पण मी ती विजेच्या बिलासाठी मोजलीच नव्हती.

पहिल्या रात्री ह्यांना हाताला धरून आणलं. पु.लं. लावले. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, इतकी शांतता. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर. कपाटाचा धसका घेतलेला ना! एवढ्यात हे मोठ्याने हसले. माझ्याआधी.

सगळं काही परत आलंय असं नाही. लग्नकार्यात, चारजण एकदम बोलले की अजून घोटाळा होतोच. पण त्या रात्री मी विचारलं, "काय म्हणाले हो? माझं लक्ष नव्हतं."

आणि ह्यांनी मला ते अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. सगळ्या व्यंजनांसकट.