परीकथेची पेटी आणि लाखेचा चुडा

रशियातील पालेख गावच्या काळ्या, झळाळत्या पेट्या जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांवर अग्निपक्षी, लांडग्यावर बसलेला राजपुत्र अशा परीकथांतील प्रसंग रंगवलेले असतात. या गावचे चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या चर्चसाठी धार्मिक चित्रे काढीत. १९१७ च्या क्रांतीनंतर ते काम थांबले. १९२४ मध्ये त्यांनी सहकारी मंडळ स्थापले आणि तीच बारीक तूलिका पेट्यांवर परीकथा रंगवू लागली. फेदोस्किनो गावचा असाच उद्योग तर १७९५ मध्ये कोरोबोव नावाच्या एका व्यापाऱ्याने सुरू केला होता.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात असलेल्या माझ्या पुतण्याने यंदा सुटीत घुग्घुसला येताना पालेखची एक लहान पेटी आणली. आईने ती हाती घेतली, कौतुकाने न्याहाळली आणि विचारले, ‘‘ही चकाकी लाखेची आहे का रे?’’

प्रश्न साधा नव्हता. उपासकदशांग सूत्रात आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाचे जे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत लाक्षावाणिज्य आहे. आपल्याच जंगलातील पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात. त्यांच्या स्रावाचे कवच खरवडून, कुटून, धुऊन आणि तापवून लाख तयार होते. किलोभर लाखेमागे लाखो जीव असतात.

पुतण्याने माहिती काढली होती. या पेटीत लाख नसते. पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून दाबतात, जवसाच्या तेलात मुरवतात, भट्टीत भाजतात आणि वर वार्निशाचे अनेक हात देतात. आईचा चेहरा खुलला. मग तो जरा थांबून म्हणाला, ‘‘पण आजी, रंग अंड्याच्या बलकात कालवतात, आणि सोन्याची रेघ घोटायला परंपरेने लांडग्याचा दात वापरतात.’’ आई क्षणभर गप्प राहिली. ‘‘देवघरात नको. दिवाणखान्यात ठेव. मुलाने प्रेमाने आणली आहे, आणि करणाऱ्याने त्यात डोळे झिजवले आहेत.’’

लाख शोधण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरजही नाही. आपल्या सावंतवाडीत चितारी कारागीर दशावतारी गंजिफा रंगवीत आले आहेत. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. चिंचोक्याच्या खळीने जोडलेल्या थरांवर चित्र काढायचे आणि त्यावर लाखेचा हात द्यायचा, ही तिची जुनी रीत. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळती कला राजवाड्यात आश्रय देऊन जगवली, याबद्दल मनात आदरच आहे.

इतरांच्या कारागिरीकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हां घुग्घुसकरांना तर मुळीच नाही. त्याच पंधरा नावांत जमीन फोडण्याचे स्फोटकर्मही आहे. आमचे दुकान कापडाचे असले, तरी गल्ल्यात येणारा पैसा कोळसा खाणीच्या पगाराचा आहे. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा साधत नाही, म्हणून तर त्याला अणुव्रते दिली. मात्र वस्तूची किंमत विचारण्याआधी ती कशी झाली हे विचारणे त्याला साधते. आपल्या शास्त्रात सावधपणे वागण्याला यतना म्हणतात. ती अशा प्रश्नापासून सुरू होते.

आमच्या घरी त्या प्रश्नाची कसोटी आता लागणार आहे. येत्या माघात लेकीचे लग्न आहे. व्याह्यांकडे नवरीला लाखेचा चुडा भरण्याची रीत आहे आणि तो शुभ मानला जातो. आजीचे बोलणे ऐकल्यावर लेक म्हणाली, ‘‘बाबा, माझा चुडा काचेचा असू द्या.’’ मंडळी समंजस आहेत; तरी रीत मोडण्याची गोष्ट वधूपक्षाने काढणे नाजूक असते. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. आमची रीत श्रेष्ठ, असे काही बोलायचे नाही. लाख कशी होते एवढे सांगायचे आणि लेकीची इच्छा त्यांच्यापुढे ठेवायची, असे ठरवले आहे.