काठ मोकळा झाल्यावर

प्रवरासंगमापासून पुढे गोदावरी नदीसारखी वागत नाही. पैठणला जायकवाडी धरणाने अडवलेलं पाणी नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या सपाट रानात मागे पसरत येतं, आणि मग काठ असा एका जागी राहत नाही. हा जलाशय, नाथसागर, आहे परातीसारखा उथळ. पाणी हातभर उतरलं तरी काठ बराच लांब सरकतो. भाद्रपदात जिथे लाटा आपटतात, तिथे चैत्रात भेगाळलेला गाळ असतो. या दोन रेघांमधला पट्टा ना धड जमिनीचा, ना पाण्याचा. 1986 मध्ये अभयारण्य झालेल्या या जलाशयाचं खरं वैभव मला तिथेच दिसतं. शेकाट्या आपल्या लांब लाल पायांवर त्याच चिखलात उभा असतो. टिबुकलीला घरटं अडकवायला तिथलीच पाणवनस्पती लागते.

त्याच पट्ट्यावर बेशरमाने ठाण मांडलं आहे. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वनस्पती शोभेला आणि कुंपणाला म्हणून आपल्याकडे आली. फुलं फिकट जांभळी, लांबून देखणी. जवळ जाऊन एक फांदी मोडावी. पांढरा चीक बोटांना चिकटतो. दांडा आतून पोकळ असतो, आणि ओल्या गाळाला टेकलेल्या पेरांवर पांढरी मुळं आधीच फुटलेली असतात. तोडून तिथेच टाकलेला तुकडा म्हणजे नवी लागवडच. म्हशी त्याला सहसा तोंड लावत नाहीत, शेजारचं कोवळं गवत मात्र बुडख्यापर्यंत खातात. चराईसुद्धा बेशरमाच्याच पथ्यावर पडते.

जेसीबी लावून ते उपटता येतं, आणि उपटलंच पाहिजे. काठ मोकळा झाला की डोळ्यांना बरं वाटतं. पण मोकळी जागा कुणाची वाट पाहत बसत नाही. वरच्या कोरड्या अंगाला गाजरगवत येतं, खालच्या ओलीत राहिलेली पेरं पुन्हा फुटतात, आणि उसाच्या रानांतून वाहून आलेल्या खतावर जलपर्णी पोसली जाते. काढणं हे अर्धंच काम आहे. तिथे काय यावं, हे आपण ठरवलं नाही तर बेशरम ठरवतं.

यावा तो लव्हाळा. उसात दिसला की शेतकऱ्याच्या शिव्या खाणारा हाच लव्हाळा काठावर मात्र हक्काचा आहे. पुरापुढे लवण्याबद्दल तुकोबांनी त्याला मोठेपण दिलं. खुरप्याने जरा उकरलं तर त्याचं बळ हाताला लागतं: काळपट गाठी, एकीतून दुसरी, धाग्यासारख्या आडव्या खोडांनी जोडलेल्या. वरचं पातं वाळलं तरी गाठ गाळात तग धरते. त्याच्या खालच्या अंगाला, पाणी रेंगाळतं तिथे पाणकणीस, पण आवरून ठेवलेलं, कारण तेही माजतं. वरच्या अंगाला, पूर क्वचित पोचतो तिथे, वाळुंज, करंज, जांभूळ. सगळं रोपवाटिकेतून आणायला नको. गाळातच कितीतरी बी दडलेलं असतं. पाणी सावकाश उतरलं, आणि नांगर व जनावरं काही हंगाम लांब राहिली, तर ते आपणहून उगवतं.

इथेच खरी अडचण आहे. उतरलेल्या पाण्यामागे गाळपेर येते, गहू-हरभरा उभा राहतो. ज्यांची रानं धरणाखाली गेली, त्या कुटुंबांना हा गाळ पक्ष्यांसाठी सोडा, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. सगळा गाळ मागूच नये. पाण्यालगतचा एक पट्टा मागावा, आणि तिथल्या राखणीची मजुरी त्याच गावांना द्यावी. माणसांना आणि जनावरांना सरसकट बाहेर काढूनही भागत नाही. भरतपूरच्या पक्षी उद्यानात 1982 मध्ये चराई बंद झाली, आणि म्हशी खात होत्या ते गवत इतकं माजलं की उथळ पाणी झाकून गेलं, पाणपक्षी घटले. चराई हवी, पण लव्हाळ्याने मूळ धरल्यावर आणि बेताची.

दुष्काळात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती टीएमसी सोडायचं, यावरून दोन्हीकडची माणसं कोर्टापर्यंत जातात. राज्याच्या 2005 च्या जलनियमन कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. त्या हिशेबात पिण्याचं पाणी आहे, शेती आहे, कारखाने आहेत. काठ नाही. त्याला वेगळं पाणी द्यायलाही नको. पाणी कधी उतरणार, हे कळवलं तरी पुष्कळ झालं. म्हणजे पातळी खाली जायला लागताच बेशरम पेरांसकट उपटून, वर नेऊन वाळवता येईल, आणि गाळात ओल आहे तोवरच लव्हाळ्याच्या गाठी लावता येतील.