खंड न पडू देणारं दान

आमच्या मुरबाडला दानाचं वावडं नाही. म्हशाच्या यात्रेत, हरिनाम सप्ताहात पंगती उठतात, शाळा उघडताना वह्या वाटल्या जातात. देणाऱ्याला समाधान मिळतं, घेणाऱ्याची त्या दिवसाची गरज भागते. टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाला मात्र एका दिवसाचं दान पुरत नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. त्यात मुलाने खाल्लेल्या गोडाचा दोष नाही आणि आईबापांच्या पापपुण्याचाही नाही. मग जन्मभर, रोज, इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. काही दिवस चुकले तरी रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात, धाप लागते आणि मूल दगावू शकतं.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पुढच्या वर्षी संशोधकांनी पेटंटचे हक्क एकेका डॉलरला टोरंटो विद्यापीठाला देऊन टाकले. औषध सर्वांपर्यंत पोहोचावं हाच हेतू. इतका उदार आरंभ होऊनही शंभर वर्षांनंतर गरीब घरात ते औषध पैशाअभावी थांबतं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

म्हणून नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचं काम मला मोलाचं वाटतं. १९९५ साली त्यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला. गरीब घरांतल्या टाइप १ मधुमेही मुलांना इन्सुलिन, सिरिंज, तपासण्या आणि आजाराची माहिती देणं, हे त्याचं काम. दात्याने एका मुलाचा खर्च उचलायचा, अशी तिथली रीत. दात्याचं नातं एका जिवंत मुलाशी जोडलं, की पावती फाडून मोकळं होता येत नाही.

नुसती इन्सुलिनची बाटली देऊन भागत नाही, हेही या कामातून कळतं. आपल्याकडची साधी बाटली दहा मिलिलीटरची, मिलिलीटरला चाळीस युनिटची. म्हणजे एकूण चारशे युनिट. रोज वीस युनिट लागणाऱ्या मुलाला ती वीस दिवस पुरते. तिच्यासाठी लाल टोपणाची, चाळीसच्या खुणांची सिरिंज लागते. चुकून शंभरच्या खुणांची हाती आली, तर मात्रा निम्म्याहूनही कमी जाते. ज्या माऊलीला आकडे वाचता येत नाहीत, तिचं बोट त्या बारीक रेघेवर ठेवून कुणीतरी पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. फ्रिज नसेल, तर बाटली उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात गार राखावी लागते.

मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात हे आणखी कठीण. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. औषध मिळणाऱ्यांच्या गावच्या यादीत नाव आहे, औषधही आलं आहे, पण मूल भिवंडीकडच्या भट्टीवर आहे, तर ते औषध काय कामाचं? इथे दान मुलाच्या मागोमाग चालत गेलं पाहिजे. आशाताई, शिक्षक, भट्टीजवळचा दवाखाना आणि पैसे देणारा हे सगळे एका साखळीत हवेत. त्यातली एक कडी निखळली, तरी धोका मुलालाच.

मला वाटतं, दात्याची थोरवी रकमेवरून ठरू नये. दुसऱ्या वर्षीही तो हजर आहे का, दहाव्या वर्षी आहे का, हे पाहावं. मूल मोठं होऊन, शिकून, कमावून स्वतःचं इन्सुलिन विकत घेईल त्या दिवशी ते दान पूर्ण झालं.

वाचकहो, घरातलं, वर्गातलं एखादं मूल सारखं पाणी पीत असेल, रात्री लघवीला उठत असेल, खाऊनही वाळत असेल, तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याची रक्तातली साखर तपासून घ्या. आणि ऐपत असेल, तर अशा एका मुलाची जबाबदारी घ्या. पण घेतली, की वर्ष संपण्याआधी पुढच्या वर्षाची तजवीज करा.