रयत म्हणवून घेताना

लहानपणी 'रयत' या शब्दाशी आमचा संबंध नव्हता. आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की वडील खांडवा घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. रयत म्हणजे गावात ज्यांची घरं आहेत, जे सारा भरतात, ज्यांच्या रानात आम्ही मेंढरं बसवतो, ते लोक, अशी आमची समजूत. या शब्दाशी माझी गाठ घातली ती शाळेनं. चुलत्यांनी मला रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात घातलं, तेव्हा पाटीवरचं ते नाव वाचून मला वाटलं, रयत हे कुणा दानशूर घराण्याचं आडनाव असावं. बरेच दिवस मी या रयत सावकाराचा वाडा कुठं असेल याचा विचार करत होतो. विचारायची लाज वाटायची.

ते घराणं कुठलं, हे वसतिगृहाच्या सरांनी रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी सांगितलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था काढली आणि १९२४ साली तिचं बिऱ्हाड साताऱ्यात नेलं. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पोरांच्या पोटाला घालायला काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. "संस्थेला राजाचं नाव देता आलं असतं, शेटजीचं देता आलं असतं," सर म्हणाले, "भाऊराव अण्णांनी तुमच्या बापाचं दिलं." माझा बाप त्या वेळी कोकणात कुठल्यातरी कातळावर वाघूर लावून बसला असेल. सर आमच्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना उद्देशून बोलत असावेत, असं मी धरून चाललो.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मेंढरांना चारा नाही, पाणी नाही. वडिलांनी निम्मा खांडवा मातीमोल भावानं विकला, आई खडी फोडायला गेली. दुष्काळी कामावर पोरालाही हजेरी मिळते म्हटल्यावर शाळा सुटणार हे ठरलंच होतं. मी ट्रंक उचलून निघालो तर सरांनी ती दारातच ठेवून घेतली. फी राहू दे म्हणाले, जेवणाचं बघू म्हणाले, आणि मला शाळेच्या वाफ्यांना पाणी घालायचं काम लावून दिलं. त्याचे पैसे माझ्या नावावर लिहिले जात. 'कमवा आणि शिका' हे शब्द मी भिंतीवर वाचले होते, ते त्या वर्षी पोटात गेले. त्यानंतर मी महसूल खात्यात तलाठी झालो, त्याच्या मुळाशी ती दारात अडवलेली ट्रंक आहे. सर आज नाहीत. त्यांच्या हयातीत मी त्यांना हे नीट सांगू शकलो नाही.

तलाठ्याच्या दप्तरात हा शब्द पुन्हा भेटला, पण आडून. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी जमीन मोजणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ते अधिकारी. मध्ये जमीनदार न ठेवता कसणाऱ्याशी सरकारचा सरळ व्यवहार ठेवायचा, ही रयतवारी. आज आपण गट नंबर, आकार, सातबारा म्हणतो त्याचे धागे तिथवर जातात. मात्र माझ्या वेळेपर्यंत रयतेचा 'खातेदार' झाला होता, आणि पुढं 'लाभार्थी' झाला. हा शेवटचा शब्द मला कधीच आवडला नाही. ज्याच्या साऱ्यावर दप्तर चाललं, त्याला आपण काही देतोय असा त्याचा सूर आहे.

शब्दाच्या मुळाशी गेलो तो एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. त्यांच्याकडे माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ चा फारसी-मराठी कोश होता. तिथून त्यांनी मला मागं अरबीपर्यंत नेलं. मूळ शब्द 'रइय्यत'. चारणं, राखणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. त्याच धातूचा 'राई' म्हणजे मेंढपाळ, आणि रइय्यत म्हणजे त्यानं राखलेला कळप. हिंदीतली 'रियायत', म्हणजे सवलत, तीही याच कुळातली. शब्द खूप हिंडलाय. मलेशियाच्या संसदेतल्या लोकनियुक्त सभागृहाचं नाव 'देवान राक्यात' आहे, त्यातला राक्यात म्हणजे आपलीच रयत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या राज्यव्यवहारकोशानं दरबारी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी लोकांच्या तोंडून रयत काही हलली नाही.

मला मात्र हे ऐकून वाईट वाटलं. म्हणजे राजा हाकणार आणि आम्ही मेंढरं? ज्या शब्दानं मला शिकवलं तो मुळात असा निघावा? सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते एका लंगड्या मेंढीचा खूर हातात धरून काटा शोधत होते. त्यांना यात वाईट काय आहे तेच कळेना.

"मग बराबर हाय की," ते म्हणाले. "मेंढरू तक्रार करत न्हाई. त्याचं काय दुखतंय ते राखणाऱ्यानं वळखायचं असतंय. न्हाई वळखलं तर ते मेंढरू मरतं, आन् राखणारा बी मरतो."

काटा निघाला. जखमेत हळद दाबून त्यांनी मेंढी सोडली आणि मला विचारलं, "तू रानात जातूस का रस्त्यावरनंच बघतूस?"

मी रस्त्यावरूनच बघत होतो. आणेवारीसाठी पीक बघायचं तर गाडी उभी करून, बांधावरून नजर टाकून आकडा लिहायचा, असा सगळ्यांचाच रिवाज होता. काठाचं पीक उजेडात असतं, जोमदार दिसतं. त्या वर्षी मी शाळूच्या रानात आत शिरलो. आतल्या ताटांवर चिकटा पडला होता, पानं हाताला चिकटत होती, कणसं चोळली तर दाणा पोचट. आणेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही हे तेव्हा ठरायचं. मी आत लिहिली. वरून थोडी कुरबूर झाली, पण आकडा टिकला. यात माझी काही बहादुरी नव्हती. ते रान वडिलांनी बघितलं असतं तर तोच आकडा सांगितला असता, आणि गाडी उभी न करता सांगितला असता.

निवृत्तीनंतर शिवकालीन पत्रं सावकाश वाचायला मिळाली. त्यात १६७६ चं, शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र आहे. गावोगाव फिरावं, कुणबी गोळा करावेत, ज्याच्या अंगात कसायची ताकद आहे पण बैल नाही, बी नाही, त्याला ते द्यावं, आणि पुढं वाढीव काही न घेता नुसतं मुद्दल, तेही त्याला झेपेल तसं, हळूहळू घ्यावं, असा त्याचा आशय. सरकारची तिजोरी कशी भरेल याचाही त्यात चोख हिशेब आहे, नुसती दया नाही. वडिलांचं बोलणं मला तिथं छापील सापडलं. फक्त वडिलांना ते वाचता येत नव्हतं, आणि मी वाचलं तेव्हा ते ऐकायला नव्हते.

भाऊरावांनी मात्र शब्दाला आणखी पुढं नेलं. कळप राखायला बाहेरून कुणी येण्याची वाट न बघता त्यातल्याच पोरांना राखणदार करायचं, अशी त्यांची रीत होती. त्या पोरांतला मी एक, आणि फार साधारण. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी कामं केलेले माझे वर्गबंधू आहेत.

आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नवी मुलं हुशार आहेत, संगणकावर त्यांचा हात चालतो, आमच्यासारखं त्यांना जाडजूड दप्तर वाहावं लागत नाही. त्यांना एवढीच विनंती आहे, की पहिल्या पंचनाम्याला निघण्याआधी रामाजी अनंताला लिहिलेलं ते पत्र एकदा वाचून घ्यावं. आणि गेल्यावर गाडी रस्त्यावर लावून रानात आतपर्यंत चालत जावं.